पाण्यात न विरघळणाऱ्या इंडीनसारख्या कंपाऊंडचा पीकेए (ॲसिड प्रोटॉन किती सहज सोडतं तो आकडा, जितका मोठा तितकं ॲसिड दुबळं) नुसत्या रंगावरून कसा काढतात, आणि त्यात आयन पेअरची भानगड काय?

तुम्ही विचारलंय की पीएच मीटर चालत नाही तर यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (सोल्युशन कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आकडा मिळेल का. मिळतो, आणि चांगला मिळतो. मी सोलापुरात एमएस्सीच्या पोरांना हेच शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्यात हे जमतच नाही, कारण इतक्या दुबळ्या ॲसिडचा प्रोटॉन काढायला लागणारा बेस पाण्यात टिकत नाही, तो आधी पाण्याचाच प्रोटॉन काढतो. म्हणून डीएमएसओ नाहीतर टीएचएफ हे सॉल्व्हंट घ्यायचं. ज्याचा पीकेए माहितीये आणि ज्याचा ॲनायन (प्रोटॉन गेल्यावर उरणारा ऋण आयन) रंगीत आहे असा इंडिकेटर घ्यायचा, समजा फ्लुओरीन, डीएमएसओमध्ये २२.६. त्याचा ॲनायन बनवून ॲब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला ते) घ्या, मग तुमचं कंपाऊंड मोजून त्यात घाला. प्रोटॉन इकडून तिकडे गेला की फ्लुओरीनच्या ॲनायनचा रंग उतरतो, किती उतरला त्यावरून बीअर-लॅम्बर्टच्या नियमाने (ॲब्सॉर्बन्स कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात असतो) दोन्ही ॲसिड आणि दोन्ही ॲनायन अशी चारही कॉन्सन्ट्रेशन निघतात आणि त्यातून के, म्हणजे या देवाणघेवाणीचा समतोल स्थिरांक. के ०.१ आला तर तुमचा पीकेए २३.६, बस. पण दोघांच्या पीकेएत दोन-अडीच युनिटपेक्षा जास्त फरक असेल तर रंग एकतर जवळपास तसाच राहतो नाहीतर पूर्ण जातो, आणि मोजायला काही उरत नाही.

आता आयन पेअर, म्हणजे ॲनायन आणि धातूचा धन आयन यांची जोडी. डीएमएसओ चांगलं पोलर आहे, त्यात पातळ सोल्युशनला ॲनायन बऱ्यापैकी मोकळा फिरतो, बॉर्डवेल या केमिस्टने मोजलेले पीकेए त्यातलेच. टीएचएफमध्ये मात्र तो धातूच्या आयनला चिकटून बसतो आणि हे चिकटणं स्पेक्ट्रममध्ये चक्क दिसतं, मला तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते! होगेन-एश आणि श्मिड या केमिस्टांनी १९६० च्या दशकात दाखवलं की सोडियम फ्लुओरेनिल (फ्लुओरीनच्या ॲनायनचं सोडियम सॉल्ट) टीएचएफमध्ये २५ अंशांना ३५५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, आणि उणे ५० ला नेलं की ३७३ चा पीक वर येतो, म्हणजे थंडीत सॉल्व्हंटचे रेणू मधे घुसून जोडी सैल करतात, गरम केलं की परत घट्ट. म्हणूनच टीएचएफमधले पीकेए मोजणारे स्ट्राइटवीझर यांनी सीझियम वापरलं, मोठा आयन, टीएचएफमध्ये जोडी घट्टच राहते, त्यामुळे आकड्यांची आपसात तुलना करता येते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे थर्मोस्टॅट असलेला सेल होल्डर हवाच हवा, लॅबमध्ये एसी आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नका. हवा आणि ओल तर अजिबात चालत नाही, आर्गॉनखालीच सगळं, आणि सॉल्व्हंट त्याच दिवशी वाळवलेलं.

आणखी एक बघा, कंपाऊंड थोडं थोडं टाकत सगळे स्पेक्ट्रा एकमेकांवर ठेवले की ते एका ठराविक बिंदूत कापले पाहिजेत. तो बिंदू सरकत असेल तर तिसरं काहीतरी तयार होतंय, मग तो के फेकून द्या.

तुमचं इंडीनचं डेरिव्हेटिव्ह आहे म्हणता, साधं इंडीन डीएमएसओत २०.१ आहे, म्हणून मी ९-फेनिलफ्लुओरीन (१७.९) आणि फ्लुओरीन दोन्ही वापरून बघेन. दोन्हीकडून आलेला आकडा जुळला तरच थीसिसमध्ये लिहा, आणि सोबत सॉल्व्हंट, धातू आणि तापमान लिहायला विसरू नका.