पाळून सोडलेली बदकं

प्रश्न : ताई, परदेशात बदकं पाळून शिकारीसाठी सोडतात, त्यानं रानबदकं वाचतात, असं भाचा म्हणतो. खरं का? – एक वाचक, पैठण

उत्तर : दादा, मला हे पटत नाही. युरोप-अमेरिकेत मॅलार्ड बदकं अशी सोडतात. शिकारीतून वाचलेली बदकं रानबदकांशी जोडा जमवतात आणि पाळीव रक्त रानात उतरतं. अमेरिकेच्या पूर्व भागात तसं झालंय. बदकाच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून पाणी गाळून ते दाणे-किडे टिपतं. पाळीव मॅलार्डमध्ये हे दाते विरळ आढळलेत, म्हणजे त्यांचं रक्त मिसळलं तर रानबदकांचं गाळणंही बिघडू शकतं. हिवाळ्यात नाथसागरावर थापट्या (एक रानबदक) बघा, चोच पाण्यात घालून गोल फिरत नुसता गाळत असतो! आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद आहे, ते बरंच झालं. डिसेंबरात भाच्याला पहाटे काठावर आणा. दुर्बीण मी आणते.