मराठी पुस्तकं विकत घ्यायला तुम्हाला कुठे आवडतं? दुकानात, ऑनलाइन की प्रदर्शनात?

प्रदर्शनात. मंगल कार्यालयात लग्नाच्या तारखा नसल्या की पंधरा दिवस लागतं ना, त्या प्रदर्शनात. तेवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. मला मात्र थांबता येणार नाही, कारण प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागलाय.

हा विषय निघाला की पुण्या-मुंबईची माणसं हळवी होतात. आप्पा बळवंत चौक, दादरची दुकानं, नव्या पुस्तकाचा वास. वास म्हणजे शाई आणि खळ, त्यात काय एवढं! मी देवणी तालुक्यातली, जिल्हा लातूर. आमच्या लहानपणी पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, कंपासपेट्या, गाईडं, भरतीचे प्रश्नसंच आणि दिवाळीत फटाके. आजही फार फरक नाही. कादंबरी मागितली तर दुकानदार विचारतो, "कितवीला आहे?"

1996 ची दिवाळी. मी लातूरला डी.एड. करत होते आणि सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेले होते. बाबांनी शंभराची नोट दिली होती. एखादं चांगलं पुस्तक घे आणि उरतील त्यात परत ये, असा हिशोब. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो मोठ्या कौतुकाने मला एका दुकानात घेऊन गेला. कुठलं ते सांगत नाही.

आडवा लांब काउंटर, त्याच्यामागे मालक आणि मालकांच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. दिसत होत्या त्या नुसत्या पुस्तकांच्या पाठी, आणि त्यांच्यावरची नावं एवढ्या लांबून लागत नव्हती. मी म्हटलं, "ते निळं जरा दावता का?" 'दावता' ऐकून त्यांनी चष्म्यावरून बघितलं. निळं दिलं. मी चाळलं, परत केलं. मग त्याच्या शेजारचं मागितलं. मग वरच्या कप्प्यातलं. तिसऱ्या वेळी त्यांनी ओढायला घेतलेलं स्टूल तिथेच सोडलं आणि विचारलं, "घ्यायचंय की बघायचंय?"

दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. सगळी माझ्याकडे वळली असं मला वाटलं. खरं तर एकानेही मान वर केली नसेल. मी काउंटरवर हाताशी जे पुस्तक होतं त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे घ्यायचंय." सत्तर रुपये. त्यांनी पिशवीत घालून दिलं. बाहेर येऊन काढून बघितलं, तर द्राक्षबागेची छाटणी.

आमच्या शेतात ज्वारी, तूर, उडीद. द्राक्षाचा वेल बाबांनी जवळून कधी बघितला होता की नाही, शंकाच आहे. पण सत्तर रुपये वाया कसे घालवायचे, म्हणून त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पुढे कित्येक वर्षं पारावर बसून सांगायचे, "खरड छाटणी एप्रिलात, फळछाटणी ऑक्टोबरात. उलटं केलं की बाग गेली." सोलापूरकडचे एक पाहुणे तर त्यांना बागाईतदार समजून रोपांचा भाव विचारत होते. आणि परतीच्या तिकिटाला कमी पडलेले पैसे मावशीने दिले, ते बाबांनी मनिऑर्डरने परत केले. हे मला नंतर कळलं.

आता मुद्दा दादाचा. तो माझ्या शेजारी उभा होता आणि त्याने तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "ते सगळ्यांशीच तसं बोलतात गं. मनाला काय लावून घ्यायचं?" सगळ्यांशी तसं बोलत असतील तर ते जास्तच वाईट, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, आणि तेव्हापासून मी दर दिवाळीला ते त्याला ऐकवते.

तोच दादा आता मला शिकवतो की तुम्ही लोक ऑनलाइन मागवता म्हणून दुकानं बुडतात. 2018 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं, तेव्हा तो घरातलं माणूस गेल्यासारखा आठवडाभर फोन करत होता. नोकरीच्या सुरुवातीला दर शनिवारी तो तिथे जायचा, ते खरं आहे. पण ज्या शानभागांनी 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात तो स्टॉल सुरू केला, त्यांची गोष्ट काय सांगतात? तरुणपणी एका दुकानात पुस्तकं चाळताना त्यांना कुणीतरी हटकलं, म्हणून त्यांनी पुस्तकांना हवा तेवढा वेळ हात लावता येईल अशी जागा काढली. मी दादाला म्हटलं, तू ज्या दुकानासाठी रडतोयस ते माझ्या बाजूचं आहे. त्यावर त्याने फोन ठेवला.

ऑनलाइनचं म्हणाल तर पिन कोड टाकला की पुस्तक दारात येतं, आणि ते आणणारा पोऱ्या माझाच जुना विद्यार्थी आहे. तो विचारतो, "बाई, ह्यावेळी कशावर आहे?" आमच्यासारख्या गावात राहणाऱ्याला कुणी 'दुकानातूनच घ्या' असं सांगितलं, तर त्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाऊन यायचं तिकीट काढून द्यायला सांगा. शहरातल्यांनी मात्र दुकानात तासभर चाळायचं, कव्हरचा फोटो काढायचा आणि घरी येऊन वीस रुपये वाचवायला ऑनलाइन मागवायचं, ही सरळ लबाडी आहे. तुमच्याकडे दुकान आहे ना? मग तिथे पैसे द्या.

आता प्रदर्शन का, ते. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, 95 वं. त्याच वेळी विद्रोही साहित्य संमेलनही उदगीरलाच होतं. मी शाळेतली अकरा पोरं मॅजिकमध्ये कोंबून नेली. मंडपात भाषणं चालू होती, त्यांच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. आम्ही थेट पुस्तकांच्या गाळ्यांकडे. ऊन असं की कव्हरचं प्लास्टिक हाताला चटका देत होतं. सातवीतला एक पोरगा एका गाळ्यावर सापांच्या पुस्तकाशी जो उभा राहिला, तो हलेना. गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकायचा, गेलं की परत तिथेच. घोणस आणि मांडूळ शेजारी शेजारी छापलेलं एक पान होतं, त्यावर त्याचं बोट फिरत होतं. अर्ध्या तासाने मला लाज वाटून मी गाळेवाल्यांना म्हटलं, "माफ करा हां, वाचूनच संपवायलाय हा." ते त्यांच्या डब्यातली चटणी-भाकरी खात होते. कोल्हापूरकडचे असावेत. म्हणाले, "वाचू दे की. बघायलाच मांडलंय."

मी ते पुस्तक घेतलं, आणि त्या माणसाकडून आणखी नऊशे रुपयांची घेतली. त्यातली तीन अजून वाचलेली नाहीत. त्यांचा नंबर घेतला. आता मी त्यांना व्हॉट्सॲपवर यादी पाठवते, फोनपे करते आणि पार्सल पोस्टाने येतं. 1 मे 2025 पासून पोस्टाने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. त्यामुळे एकेक न मागवता शाळेतल्या तिघी-चौघी मिळून पाच किलोचं गाठोडं मागवतो. बिगरशहरी वाचकांनी हे ध्यानात ठेवा, खरंच परवडतं.

आणखी एक जागा. आमच्या गावातली बरीच माणसं दरवर्षी 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जातात आणि येताना पिशव्या भरून पुस्तकं आणतात. ज्यांच्या घरात धड कपाट नाही त्यांच्याकडे बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे शासनाने काढलेले खंड आहेत, पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधून. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी शिवाजी पार्कला एक चक्कर मारावी. मी स्वतः गेलेले नाही. जाणाऱ्यांकडे पैसे आणि चिठ्ठी देते. शासनाची पुस्तकं घ्यायची तर मुंबईत चर्नी रोडला आणि पुण्यात शासकीय ग्रंथागार आहे, किमती अगदी कमी. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं तर संकेतस्थळावर फुकट आहेत. पण तुम्ही विकत घ्यायचं विचारलंत.

इथे खरं सांगायला हवं की सगळी दुकानं तसली नसतात. पुण्यातही आता उघडी कपाटं आहेत, बसायला मोडे ठेवलेले असतात, कुणी हटकत नाही. ते चष्म्यावाले मालकही त्या दिवशी दिवाळीच्या गर्दीने वैतागले असतील. आणि ऑनलाइनमध्ये मीही एकदा चांगलीच फसले आहे, दादाने ते जगभर सांगितलंच आहे. एक गाजलेला अनुवाद, छापील किंमत 399, मला 140 ला मिळाला. एवढ्या स्वस्तात कसा, हे विचारायला पाहिजे होतं. कागद इतका पातळ की पाठचा मजकूर पुढे दिसत होता, आणि 128 व्या पानानंतर परत 113 वं. एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं, दोनदा बांधलेला आणि पुढचा, 129 ते 144, गायब. अस्सल पुस्तकातही बाइंडरकडून अशी चूक होते, पण तिथे प्रकाशक प्रत बदलून देतो. नकली प्रत बदलून कोण देणार? विक्रेत्याचं खातंच दोन दिवसांत नाहीसं झालं. तेव्हा ऑनलाइन घ्यायचं तर प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवरून घ्या किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडून. निम्म्याहून कमी किमतीत नवं गाजलेलं पुस्तक कुणी देत असेल तर ते नकलीच समजा.

ती सोळा पानं मला दादानेच दिली. त्याची प्रत दुकानातून घेतलेली होती, हे तीनदा सांगून त्याने नऊ फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत त्याचा अंगठा आहे. 137 व्या पानाच्या शेवटच्या चार ओळी त्या अंगठ्याखाली गेल्यात, आणि नेमकं तिथेच म्हातारी घर का सोडते ते आहे. परत काढून पाठव म्हणून दोनदा सांगितलं. तो म्हणतो, पुण्याला ये आणि वाच.