दोन ब्रोनिस्वाव मालिनोव्स्की एकाच घराण्यातले का?

नाही, नुसतं आडनाव जुळतं म्हणून ऑलिम्पिक धावपटू मालिनोव्स्की आणि मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांना एका घराण्यातले मानता येत नाही. हे आडनाव गावावरून पडतं, आपल्याकडच्या ‘कर’वाल्या आडनावांसारखं. मालिनोवो, मालिनुव्ह, मालिनुव्का अशा नावांची गावं पोलंडमध्ये अनेक आहेत. त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेली कुटुंबं स्वतंत्रपणे मालिनोव्स्की झाली.

हे दोघे तर पूर्ण नावानेही सारखे, म्हणून गोंधळ होणं स्वाभाविक आहे:
- मानववंशशास्त्रज्ञ (१८८४–१९४२): जन्म क्राकुव्हचा, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध.
- धावपटू (१९५१–१९८१): ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) १९७६ला रौप्य, १९८०ला मॉस्कोत सुवर्ण. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला, फार मोठा खेळाडू होता.

पेरूमध्ये अँडीज पर्वतावर रेल्वे चढवणारे अभियंता एर्नेस्ट मालिनोव्स्कीही याच आडनावाचे.

एक लक्षात ठेवा: ‘स्की’ हा प्रत्यय सुरुवातीला मुख्यतः जमीनदार उमराव लावत, पुढे तो शेतकरी आणि शहरी कुटुंबांतही रुळला. म्हणून त्यावरून उमराव कूळही ठरत नाही. खरं नातं शोधायचं तर चर्चमधल्या जन्म-विवाहाच्या नोंदी पाहाव्या लागतात. स्त्रियांच्या नावात हेच आडनाव ‘मालिनोव्स्का’ होतं, तेही शोधा.