कडीवर हात ठेवून बोलू नकोस

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला, "या उदासपणासाठी गुरुवारी डॉक्टरांकडे चाललेय, पण आत जाऊन नेमकं म्हणायचं काय?" जावं की नाही यावर मी काही बोलत नाही. ते तू ठरवलंस आणि बरोबर ठरवलंस. उरला तो "म्हणायचं काय" हा प्रश्न.

पस्तिशीत मीही असाच गेलो होतो. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर म्हटलं, डोकं दुखतं, पित्त होतं. खोटं नव्हतं ते. पण पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहतो, मुलाने चित्र दाखवलं तर "छान" म्हणायलाही जोर लावावा लागतो, यातलं अक्षर तोंडातून निघालं नाही. पित्ताच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. जे पुढ्यात ठेवलं त्यावरच त्यांनी औषध दिलं, त्यांना काय दोष द्यायचा? दुसऱ्या खेपेलाही तेच. निघताना, एक हात दाराच्या कडीवर, तेव्हा कुठे पुटपुटलो, "आणि हो, हल्ली कशातच मन लागत नाही." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "बसा परत."

तर कडीवर हात ठेवल्यावर जे सुचेल, ते तू बसल्या बसल्या सांगून टाक.

"मला डिप्रेशन आलंय" असं म्हणालीस तरी बिघडत नाही, पण एवढ्यावरून त्यांना फार काही कळणार नाही. त्यांना दिवस हवे असतात. साधारण निकष असा, की मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, यातलं किमान एक जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, निदान 2 आठवडे टिकलेलं असावं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, सतत स्वतःलाच दोष देणं, असं बाकीचंही ते विचारतात. मागे तू मला सांगितलं होतंस, आंघोळीला जायचं म्हणून टॉवेल घेऊन पलंगाच्या कडेला बसलीस ती तासभर तशीच. ते तसंच्या तसं सांग. आणि कागदावर लिहून ने. समोर बसल्यावर आपण आपलं दुखणं कमी करून सांगतो, कागद तसं करत नाही.

कदाचित ते 9 प्रश्नांचा एक तक्ता देतील, पीएचक्यू-9 नावाचा. गेल्या 2 आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला 0 ते 3 गुण, एकूण 27; जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. तुला आयुष्यभर चांगले मार्क मिळवायची खोड आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: इथे चांगलं दिसायला जाऊ नकोस.

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बहुतेकजण तिथेच गुळमुळीत होतात. "सकाळी जाग आलीच नाही तर बरं" असं वाटणं आणि कसं करायचं हे डोक्यात ठरत जाणं, यात फरक आहे आणि डॉक्टरांना तोच जाणून घ्यायचा असतो. जे असेल ते त्याच शब्दांत सांग. सांगितलं म्हणजे लगेच दवाखान्यात डांबून ठेवतात असं नाही. बहुतेक वेळा ते आणखी विचारतात, आणि तू सुरक्षित कशी राहशील हे तुझ्याबरोबर बसून ठरवतात. मात्र गुरुवारच्या आधीच ते विचार बळावले, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. कुणाला तरी सोबत घेऊन थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं, आणि मला फोन करायचा. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

ते रक्त तपासायला सांगतील तर "हे मनाचं आहे, रक्त कशाला" असा वाद घालू नकोस. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-12 घटलं, तरी माणूस असाच दिसतो. चालू असलेल्या गोळ्या सांग, दारू घेत असशील तर तीही. घरात कुणाला असा त्रास होता का, हेही. आणि उलटं कधी झालंय का ते आठव: झोप नसतानाही चार-पाच दिवस अंगात वारं भरल्यासारखं, खर्चाला धरबंध नाही, बोलणं थांबेना. हे विसरलीस तर घोटाळा होतो. तो आजार वेगळा, बायपोलर म्हणतात त्याला, आणि त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर तोच वारा पुन्हा भरू शकतो.

गोळ्या लिहून दिल्या तर तिथेच विचार: किती दिवसांनी फरक पडेल, काय त्रास होईल, परत कधी यायचं, आणि गोळ्यांऐवजी किंवा गोळ्यांसोबत समुपदेशन चालेल का. थोडा फरक जाणवायलाही 2 ते 4 आठवडे जातात, पूर्ण अंदाज यायला 6 ते 8. त्रास आधी येतो, मळमळ, डोकेदुखी. गुण मागून येतो. लोक नेमके मधल्या आठवड्यांत कंटाळून सोडतात. तुझ्या वयाच्या, पंचविशीच्या आतल्या काहींना सुरुवातीला अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नकोस. बरं वाटल्यावरही साधारण 6 महिने तरी गोळ्या चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात.

घरी कळेल का, ही तुझी धास्ती मला ठाऊक आहे. तेही सरळ विचार, "हे कुणाला सांगाल का?" जिवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, एरवी हे तुमच्या दोघांतच राहायला हवं. आणि "असं सगळ्यांनाच होतं, जरा फिरून ये" एवढ्यावर कुणी बोळवण केली तर दुसरा डॉक्टर गाठ. मीही एक बदलला होता.

गुरुवारी मी मोकळा आहे. म्हणशील तर येतो, बाहेर बाकावर बसून राहीन. आत यायचं की नाही ते तू सांग. कागद मात्र बुधवारी रात्रीच लिहून ठेव.

तुझा,
सर