वंशावळीची फाइल पाठवण्यापूर्वी

प्रश्न : कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी जमवलेली माहिती जेडकॉम (GEDCOM) फाइलच्या, म्हणजे वंशावळीच्या निरनिराळ्या संगणकप्रणालींत उघडता येणाऱ्या फाइलच्या, रूपात परदेशातील भाऊबंदांसाठी संकेतस्थळावर ठेवायची आहे. हयात व्यक्तींचे खाजगी तपशील कसे सांभाळावेत?

उत्तर : जेडकॉम फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, ती नोटपॅडमध्ये उघडली, तरी जन्मतारखा, पत्ते आणि आपण स्वतःपुरत्या लिहिलेल्या टिपा जशाच्या तशा वाचता येतात. एखाद्या नोंदीवर ‘खाजगी’ अशी खूण केली, तरी ती केवळ सूचना असते आणि ती पाळायची की नाही, हे फाइल उघडणाऱ्या प्रणालीवर अवलंबून राहते. म्हणून असे तपशील फाइल तयार करतानाच वगळावेत. ग्रॅम्प्स या मोफत प्रणालीत खाजगी नोंदी आणि हयात व्यक्ती गाळण्याचे पर्याय त्याच वेळी मिळतात.

खरी जोखीम टिपांमध्ये असते, आणि तिकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. नातवाची नोंद गाळली, तरी दिवंगत आजोबांच्या टिपेत ‘माहिती नातवाकडून, मोबाइल अमुक’ असे लिहिलेले असेल, तर तो क्रमांक फाइलसोबत जातोच. दत्तकविधान, घटस्फोट, आजारपण यांचे उल्लेखही असेच निसटतात. ते संबंधितांच्या संमतीशिवाय कोणाकडेही जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आईचे माहेरचे आडनाव हा खात्याच्या सुरक्षेसाठी विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न असल्याने हयात पिढीच्या बाबतीत तेही गाळावे. मूळ फाइल स्वतःजवळ ठेवून फक्त गाळलेली प्रत पाठवावी, आणि त्यापूर्वी ती नोटपॅडमध्ये उघडून हयात नातेवाइकांची नावे एकेक करून शोधून पाहावीत.