जावळ आणि नारिंगी शर्ट

प्रिय पिल्ला,

काल झोपताना तू विचारलंस, "आई, माझं जावळ काढलं तेव्हा मीपण रडलो होतो ना? मग त्या मुलांचे केस कापले ते वाईट आणि माझे कापले ते चांगलं, असं कसं?" शाळेत तू कॅनडातल्या मूळ लोकांच्या मुलांची, नारिंगी शर्टाची गोष्ट ऐकून आला होतास. मी "उद्या सांगते" म्हटलं आणि दिवा मालवला. पण हे लिहूनच द्यावंसं वाटलं.

हो, तू रडलास. साताऱ्याला ओसरीवर, मामाच्या मांडीवर बसून, त्याच्या बनियनची कड मुठीत घट्ट धरून. न्हाव्याने वस्तरा काढला तसा टाहो फोडलास. मग आजीने डोक्याला चंदनाचा लेप लावला, ओवाळलं, आणि तू मामाच्या खांद्यावरच झोपून गेलास.

ती शर्टाची गोष्ट फिलिस वेबस्टॅड यांची. १९७३ साली त्या सहा वर्षांच्या होत्या. आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट घालून त्या ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या निवासी शाळेत गेल्या, म्हणजे मूळ लोकांच्या मुलांना घरापासून आणि आपल्या भाषेपासून तोडून ठेवणाऱ्या शाळेत. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला. परत मिळाला नाही. इथल्या, कॅनडातल्या मूळ लोकांची सुमारे दीड लाख मुलं अशा शाळांत गेली. १९२० पासून तर कायद्यानेच सक्ती होती. तिथे केस कापत, कित्येक ठिकाणी नावाऐवजी नंबर देत, आपली भाषा बोललं की मारत. हजारो मुलं घरी परतलीच नाहीत.

आजोबा गेले तेव्हा काकाने केस काढले होते, आठवतं? इथल्या अनेक जमातींतही घरचं माणूस गेलं की केस कापतात. म्हणून केस कापल्यावर काही मुलांना वाटलं, आपले आईबाबा गेले. सांगायला जवळ कुणी नव्हतं. तुझ्याजवळ मामा होता, पिल्ला. फरक तोच.

हे सगळं फार वर्षं कुणी ऐकून घेतलं नाही. २००८ साली कॅनडाच्या सरकारने या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. मग या शाळांमागचं सत्य शोधणाऱ्या मुरे सिंक्लेअर यांच्या आयोगाने गावोगावी जाऊन सहा हजारांहून जास्त माणसांचं म्हणणं ऐकलं आणि २०१५ मध्ये ९४ गोष्टी करायला सांगितल्या. त्यातली शेवटची आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी आहे: नागरिकत्वाच्या शपथेत मूळ लोकांच्या करारांचा उल्लेख हवा. २०२१ मध्ये शपथ बदलली. मी आणि बाबांनी घेतली ती हीच. खरं सांगते, त्या शाळांबद्दल मी तेव्हा परीक्षेपुरतंच वाचलं होतं. तुझ्या प्रश्नानंतर रात्री बसून नीट वाचलं, आणि एवढा उशीर केला याचं फार वाईट वाटलं.

त्या मुलांच्या आठवणीत शाळेत घालायचा तुझा नारिंगी शर्ट धुऊन खुर्चीवर ठेवलाय. जावळाचा फोटो दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. बाईंना दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझी,
आई