मुलगा वडिलांकडून पाठीवर वळ घेऊन आला. भेटीला पाठवणं बंद केलं तर कोर्ट माझ्यावर चिडेल का?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे: "महिन्यातून दोन शनिवार-रविवार पाठवायचं असं आमचं स्टँपवर ठरलंय." म्हणजे कोर्टाचा आदेश नाही. दोन्हीकडची चार माणसं बसली, स्टँपपेपर आणला, नोटरी केली आणि सात वर्षांच्या मुलाची वाटणी करून मोकळी झाली. तो कागद मोडला म्हणून तुमच्यावर अवमानाची कारवाई होत नाही. मुलाच्या बाबतीत कोर्ट फक्त त्याचं हित बघतं आणि आईबापांनी आपसात काय लिहून दिलंय याला ते बांधील नसतं. (रूढी सिद्ध केल्याशिवाय स्टँपवरच्या फारकतीला घटस्फोटही म्हणत नाहीत. कायद्यानं तुम्ही अजून नवरा-बायकोच आहात, हे डोक्यात ठेवा.)

तेव्हा येत्या शनिवारी पाठवू नका. पण नुसतं थांबवून घरी बसू नका. महिन्याभरात नवराच कोर्टात जाईल आणि "आई मुलाला भेटू देत नाही" ही त्याच्या अर्जाची पहिली ओळ असेल. पाठवणं थांबलं की आठवड्याच्या आत तुमचा अर्ज कोर्टात पडलेला हवा.

मी सांगलीत वकिली करते, बहुतेक कामं डी.व्ही. (कौटुंबिक हिंसाचार) आणि मुलांच्या ताब्याचीच. हे उत्तर लांबणार आहे.

आधी वळांचं. मलम लावून घरच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या असतील तर तेवढ्यानं भागत नाही. सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात अपघात विभागात जा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कोर्टात चालणारी मारहाणीची वैद्यकीय नोंद) करायची आहे असं स्पष्ट सांगा. वळ कुठे आहे, किती सेंटिमीटर, रंग कसा, आकार कसा, हे डॉक्टरनं लिहिलं पाहिजे. आकार फार बोलतो. वायरीचा किंवा पट्ट्याचा वळ सरळ, दोन समांतर रेघांचा उठतो, कधी टोकाला वळलेला. सायकलवरून पडून तसा वळ येत नाही. फोटो दिवसाउजेडी काढा, एक लांबून चेहऱ्यासकट आणि एक जवळून, शेजारी फूटपट्टी धरून. दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण मुका मार बऱ्याचदा नंतर जास्त काळा-निळा होतो. फोटो ज्या मोबाईलवर काढले तो विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आक्रसतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून जाते, म्हणून मूळ फाइलच जपायची. पुराव्याच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये, अशा पुराव्याबरोबर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. ते वकील बघेल, पण मोबाईलच गेला तर वकिलाच्याही हातात काही उरत नाही.

मुलाला खोदून खोदून विचारू नका. "काय झालं रे?" एवढंच, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. तारीख, वेळ, तेव्हा खोलीत कोण होतं, तेही. अर्जात "वडिलांनी मला शारीरिक इजा केली" असं सात वर्षांच्या पोराच्या तोंडी आलं की न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतं. "दूध सांडलं म्हणून बाबांनी चार्जरच्या वायरनं मारलं आणि आईला सांगू नको म्हणाले" हे मुलाचं बोलणं वाटतं, कारण ते असतंच तसं. कोर्ट मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलू शकतं. तिथं पढवलेलं मूल दोन मिनिटांत उघडं पडतं आणि मग खरा मारही खोटा ठरतो. मोबाईलसमोर बसवून "सांग बाळा, बाबांनी काय केलं" असले व्हिडिओ तर अजिबात करू नका. वही शिवलेली घ्या, सुट्टे कागद नकोत. त्यात निष्कर्ष लिहायचे नाहीत, घडलं तेवढंच: किती वाजता नेलं, किती वाजता आणलं, जेवला का, रात्री अंथरूण ओलं झालं का.

आता ज्या मुद्द्यावर माझं लोकांशी कायम वाजतं तो: भेटीच्या आदेशातल्या अटी. एक ज्येष्ठ वकील मला नेहमी सांगतात, "मॅडम, एवढ्या अटी घातल्या की साहेब वैतागतात. रिझनेबल अ‍ॅक्सेस, म्हणजे 'वाजवी भेट', एवढंच म्हणून सोडून द्यायचं, बाकीचं माणसं ठरवतात." माणसं ठरवू शकली असती तर कोर्टात आली असती का? मोघम आदेश ज्याचा हात उठतो त्याच्याच सोयीचा असतो, कारण मोघम ठेवलेल्या प्रत्येक जागी घासाघीस होते आणि त्या घासाघिशीत भित्रा पक्ष नमतो.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीक तपशील बदललेत. खानापूर तालुक्यातलं गलाई व्यवसायातलं कुटुंब, नवऱ्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान दूर दक्षिणेत. बाई माहेरी मिरजेला, मुलगी सहा वर्षांची. तो जत्रेला आणि दिवाळीला गावी यायचा. प्रकरण माझ्याकडे यायच्या आधीच अंतरिम आदेश झाला होता: वडिलांनी मुलीच्या चुलत्याच्या उपस्थितीत तिला भेटावं. कागदावर झकास. चुलता निर्व्यसनी, चार लोकांत मान असलेला माणूस. मुलगी मात्र प्रत्येक भेटीहून मुकी होऊन यायची, आणि एकदा तिच्या दंडावर चार बोटं उमटलेली होती. चुलत्याला विचारलं तर "मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो." पुढच्या वेळी "मला फोन आला होता." उलटतपासात दुसरं काही निघालं नाही, निघालं ते एवढंच की चुलता त्याच दुकानात भट्टीवर कामाला होता, दुकानाच्याच माळ्यावर राहायचा आणि त्याच्या पोरांची फीसुद्धा भाऊ भरायचा. ज्याच्या हातचं खातो त्याच्यावर तो देखरेख काय करणार? आणि आदेश करताना चुलत्याचं पोट कशावर चालतं हे कुणीही विचारलेलं नव्हतं.

मग कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २५ खाली आदेश बदलून मागितला आणि विनंतीच्या कलमात एकेक गोष्ट शब्दांनिशी लिहिली. तुमच्याही अर्जात हीच लिहून घ्या. वार: पहिला आणि तिसरा शनिवार, कारण दुसऱ्या-चौथ्याला कोर्टाला सुटी. वेळ: सकाळी ११ ते १. जागा: विजयनगरला कोर्टाच्या आवारात, कोर्ट नेमून देईल त्या खोलीत. एसटी स्टँड नको, कुणाचं घर नको आणि पोलीस ठाणंही नको. पोलीस ठाण्यात मूल गुन्हेगारासारखं अंग चोरून बसतं. देखरेखीला जी व्यक्ती असेल ती दोघांपैकी कुणाच्याही पगारावर, भाड्यावर किंवा उधारीवर नसावी. रात्रीचा मुक्काम नाही. जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही. दारू पिऊन आल्यास भेट नाही. वीस मिनिटांहून उशीर झाला तर त्या दिवसाची भेट रद्द. केसविषयी, आईविषयी मुलाशी बोलायचं नाही. फोनची वेळ ठरलेली, बुधवारी संध्याकाळी सात ते सव्वासात, रेकॉर्डिंग नाही. लागोपाठ तीन भेटी चुकवल्या तर पुढचा आदेश होईपर्यंत भेटी स्थगित. यातल्या सगळ्या मिळतील असं नाही, पण मागितलंच नाही तर एकही मिळत नाही. आणि न्यायाधीश चिडले नाहीत. मुद्देसूद मागणीवर हो किंवा नाही म्हणणं त्यांनाही सोपं जातं.

अर्ज कुठला? कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम १२ खाली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुम्ही माहेरी तात्पुरत्या राहत असलात तरी कलम २७ प्रमाणे तिथल्याच कोर्टात चालतं. सोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि नमुना ३ मधलं शपथपत्र जोडा, म्हणजे तातडी दिसली तर नवरा हजर व्हायच्या आधीही आदेश होऊ शकतो. मुलाचा तात्पुरता ताबा कलम २१ खाली मागतात आणि त्याच कलमात हेही आहे की भेटीनं मुलाचं नुकसान होत असेल तर दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. पण इथं एक गोम आहे. मोडल्यावर शिक्षा (एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही) कलम ३१ मध्ये आहे आणि ती संरक्षण आदेश मोडल्यावर आहे. म्हणून मुलाला मारू नये, शाळेत जाऊ नये, परस्पर नेऊ नये या अटी नुसत्या २१ खाली ठेवू नका, कलम १८ च्या संरक्षण आदेशातही मागा. शाळेचा उल्लेख कलम १८ मध्येच आहे. नाहीतर पोलीस "बाप आहे, सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतात. आदेश नसेल तर त्यांचं तसं चूकही नसतं, कारण बाप नैसर्गिक पालक असतो आणि त्यानं मूल नेलं तर सहसा अपहरणाचा गुन्हा होत नाही.

नोटीस बजावण्यातच महिने जातात, म्हणून त्याचा गावचा पत्ता, कामाचा पत्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर तिन्ही अर्जात द्या. कायमच्या ताब्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज लागेल, तो कौटुंबिक न्यायालयात आणि जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालयात. मूल सामान्यतः जिथं राहतं तिथलंच कोर्ट तो अर्ज ऐकतं. त्यानं मुलाला दुसऱ्या राज्यात नेऊन शाळेत घातलं आणि तुम्ही वर्षभर थांबलात तर तिथलं कोर्ट प्रकरण आपल्याकडे धरून बसेल. शाळेचा बोनाफाइड, आधारवरचा पत्ता, लसीकरणाचं कार्ड आजच एका फाइलीत लावा. "मूल आईचंच" असं गृहीत धरू नका. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असतो, तुमचा सात वर्षांचा आहे.

शाळेला आदेशाच्या प्रतीसह अर्ज द्या, मुलाला कोण नेऊ शकेल त्या दोघांची नावं आणि फोटो लावा, पोच घ्या. शाळा सोडल्याचा दाखला तुमच्या सहीशिवाय देऊ नये असंही लिहा. रिक्षावाल्या काकांना विसरू नका, बऱ्याचदा मूल तिथूनच नेलं जातं. आदेश असताना नेऊन परत आणलंच नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मुलाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका). आता त्यासाठी मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू आहे आणि सांगली-सातारा त्याच्याच कक्षेत येतात.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. मूल संकटात असेल तर १०९८ किंवा ११२.

मारहाणीऐवजी लैंगिक छळाची शंका असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पोलीस. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, त्यात ना समझोता ना मध्यस्थी. मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. आणि ताब्याच्या भांडणात हत्यार म्हणून हे कलम वापरणाऱ्यांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, त्यांच्यामुळे खऱ्या मुलांवर कोर्ट विश्वास ठेवताना कचरतं.

"बायकोला मारायचा पण पोरावर जीव आहे" असं बैठकीत सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनो, आईला मार खाताना बघणारं मूलही मारच खात असतं. "पोटगी सोडते, मुलगा दे" असली अदलाबदल करायला लावणंही थांबवा. पोटगी मुलाची आहे, ती सोडायचा हक्क आईला कुणी दिला? आणि ताई, उलटंही करू नका: पोटगी देत नाही म्हणून भेट नाही, हे कोर्टात टिकत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. हात उगारणारी आई असेल आणि विचारणारा बाप असेल तर डी.व्ही. कायदा त्याच्या कामाचा नाही. त्यानं पालक व पाल्य कायद्याच्या कलम १२ खाली अंतरिम आदेश मागावा, बाकी एमएलसी, वही, शाळा सगळं तेच. आणि तुमच्याकडे स्टँपबरोबर कोर्टाचाही एखादा आदेश निघाला, तर परस्पर पाठवणं थांबवण्याऐवजी त्याच दिवशी तो बदलून मागायचा अर्ज द्या, एमएलसी जोडून.

शनिवारच्या आधी नवऱ्याला फोन करू नका, फोनवर भांडण होईल. एकच मेसेज: "मुलाच्या पाठीवर वळ आहेत, दवाखान्यात नोंद झाली आहे. कोर्टाचा आदेश होईपर्यंत मी त्याला पाठवणार नाही. तुम्हाला त्याच्याशी बोलायचं असेल तर बुधवारी सात वाजता फोन करा." तो शिव्या देईल, उत्तर देऊ नका. "भेटू देत नाही" या त्याच्या ओळीला हा मेसेजच तुमचं उत्तर असेल, म्हणून चॅट डिलीट करू नका.